एका वडिलांसाठी

दवाखान्यात तिला सगळे सिस्टर म्हणत, चर्चच्या मंडळीत भगिनी म्हणत, आणि नणंद वयाने मोठी असूनही भावाचा मान राखून तिला वहिनी म्हणे. तीन हाका, तिन्ही नात्याच्या. "नात्यांची एवढी श्रीमंती," ती कधीकधी नवऱ्याला म्हणायची, "आणि भांडी घासायला दुसरा हात नाही." नवरा मनापासून हसायचा आणि पुढचं भांडं तिच्याकडे सरकवायचा.

पुरुषांच्या वॉर्डात खिडकीजवळच्या खाटेवर किल्लीवाले आजोबा होते. उभा जन्म चौकात एका छत्रीखाली बसून त्यांनी किल्ल्या घासल्या. बोटांच्या चिरांत पितळेची पूड अशी मुरली होती की कितीही पुसली तरी उन्हात बोटं चमकायची. छातीत पाणी झालं होतं, दम पुरत नव्हता, पण जीभ शाबूत होती.

"सिस्टर, निम्म्या वस्तीची कुलपं उघडलीत मी," ते म्हणायचे. "एकच उघडलं नाही. ते माझ्याच घरात तयार झालं होतं."

ते कुलूप म्हणजे त्यांचा मुलगा. तो तिच्याच मंडळीत होता. नुसता होता असं नाही. कारभार पाहणाऱ्यांपैकी एक होता, आणि तशांना मंडळीत वडील म्हणायची रीत आहे. माणूस चाळिशीचा, पण पाळकसाहेबांपासून काठी टेकत येणाऱ्या म्हातारीपर्यंत सगळे त्याला वडील म्हणत.

"गंमत बघा," आजोबा म्हणाले, "माझा मुलगा जगाचा वडील झाला. आणि मी त्या एकट्याचाच वडील होतो, तोही राहिलो नाही."

बोलता बोलता हसले, हसता हसता खोकले, आणि तिने त्यांना पुढे वाकवून पाठीवरून हात फिरवला. पाठ कसली, वाळत घातलेली दोरी.

आजोबा एके काळी प्यायचे. साधंसुधं नाही, रस्त्यातून उचलून आणावं लागेल इतकं. मुलाने तरुणपणी ते सगळं सोसलं आणि एक दिवस मंडळीसमोर उभं राहून देवाला शब्द दिला, की बाप इथे येऊन, सगळ्यांदेखत पापाची कबुली देईपर्यंत मी त्याचं तोंड पाहणार नाही. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. काय हा निग्रह, म्हणाले. पुढे आजोबांनी बाटली सोडली. कुणाला न सांगता, न बोलता, जुनी चप्पल दारात काढून ठेवावी तशी. पण मंडळीसमोर काही उभे राहिले नाहीत.

"सोडली ती सोडली," ते म्हणायचे. "उघडलेल्या कुलपाला आता भर चौकात पुन्हा किल्ली लावून दाखवू?"

बापाला लाज, लेकाला शब्द, आणि मधे बंद दार. वर्षं अशीच गेली.

त्या दुपारी आजोबांची नखं निळी पडायला लागली, तशी तिने वॉर्डातल्या टेबलावरून मुलाला फोन केला. त्याचं चष्म्यांचं दुकान होतं.

"भगिनी, माझं काळीज तुटतंय," तो म्हणाला, आणि ते खरंच असावं, आवाज चिरकला होता. "पण देवाला शब्द दिलाय. त्यांनी एक वाक्य म्हणावं. फोनवर म्हणावं. मी या क्षणी निघतो."

"वाक्य राहिलं नाही हो त्यांच्यात. एखादाच शब्द निघतोय."

मग तो म्हणाला, "मी इथूनच प्रार्थना करतो." फोन ठेवता ठेवता दुकानाच्या दाराची घंटी वाजली आणि त्याच आवाजात, थोडा घसा साफ करून, "या, बसा, नंबर काढलाय का?" असं तिला ऐकू आलं.

ती खाटेपाशी परत आली. आजोबांचे डोळे मिटलेले होते, पण वाट पाहणाऱ्या माणसाचे डोळे मिटलेले असले तरी ओळखू येतात.

"आला?" ते म्हणाले.

तिने ओठ उघडले तेव्हा काय बोलणार हे तिचं तिलाही ठाऊक नव्हतं.

"आला होता. तुमचा नुकताच डोळा लागला होता. उठवू नका म्हणाला. कपाळावर हात ठेवला आणि गेला."

आजोबांनी डोळे उघडले. तिच्याकडे पाहत राहिले.

"कुठला हात?"

"उजवा."

त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "डावखुरा आहे तो," ते म्हणाले.

सलाईनच्या नळीत एक थेंब फुगला, लोंबला, पडला. तिला आपल्या कानांच्या पाळ्या तापल्याचं कळलं.

"असू दे," आजोबा दम घेत घेत म्हणाले. "घाईत असेल."

आणि हसले. मग तिचा हात त्यांनी चमकत्या बोटांनी चाचपला, उचलला, आणि आपल्या कपाळावर नेऊन ठेवला. तिने तो काढला नाही. ऊन खिडकीतून उतरून फरशीवर आलं, फरशीवरून भिंतीकडे सरकलं. हाताखालचं कपाळ कधी थंड झालं ते हातालाच आधी कळलं.

संध्याकाळी मुलगा आला. आता तोंड पाहायला हरकत नव्हती. मेलेल्या माणसाकडून कबुली कोण मागतो? तिने ओढून दिलेल्या स्टुलावर तो बसला आणि चादरीकडे पाहत म्हणाला, "माझी आठवण काढली?"

"विचारलं, आला का म्हणून. मी सांगितलं, येऊन गेला. कपाळावर हात ठेवून गेला."

"मग?"

"हसले."

डाव्या हाताचं तिने सांगितलं नाही. ते त्याच्या खांद्यावर ठेवण्याजोगं ओझं नव्हतं.

तो रडला. चारचौघांत शब्द तोलून बोलणारा माणूस स्टुलावर वाकून लहान मुलासारखा हुंदके देत रडला. तिचे दोन्ही हात धरून म्हणाला, "भगिनी, जन्मभर विसरणार नाही. पण हे आपल्यातच राहू द्या. माझा बाप वाट बघत गेला हे लोकांना कळलं तर..."

"राहील," ती म्हणाली.

राहिलं असतंही. पण खोटं हे खडीसारखं असतं, चपलेत शिरलं की पावलागणिक बोचतं. ती मुलांना शिकवणारी बाई. मंडळीच्या मागच्या खोलीत दर रविवारी तिचा वर्ग भरे. लहान लहान गुडघे, शेंबडी नाकं, आणि "टीचर, देवाला सर्दी होते का?" असे प्रश्न. त्या खोलीत ती जशी असे तशी कुठेच नसे. आठवडाभर वॉर्डात माणसं जाताना पाहायची, आणि रविवारी त्या खोलीत ती येताना पाहायची. त्या मुलांसमोर 'खरं बोलावं' म्हणताना तिची जीभ अडखळली.

धुतलेल्या चादरींच्या घड्या घालताना तिने नणंदेला सांगितलं. दोघी समोरासमोर, हातात चादरीची टोकं. नाव घेतलं नाही; एका मरणाऱ्या पेशंटशी खोटं बोलले, एवढंच.

"अगं बाई," नणंद म्हणाली. स्त्रियांची सभा तीच चालवायची. "म्हणजे त्या जिवाने जाताना शेवटचा शब्द ऐकला तो खोटा?"

हे मात्र सुरीसारखं आत गेलं. "म्हणूनच जिवाला चैन नाही, ताई."

"माझ्यापाशी ठेव. मी प्रार्थना करीन." दोघी एकमेकींकडे चालत आल्या, टोकाला टोक जुळलं, घडी झाली. नणंदेने तिच्या गालावरून हात फिरवला. तिला किती हलकं वाटलं!

तिची आई कपडे शिवायची. पायाने मशीन चालवता चालवता तोंडाने काहीबाही जुळवत बसायची. तिचंच एक होतं:

*घडी दिसते नेटकी, टाका आतला उसवला*
*उलटून पाहिल्याविना, बाई, माणूस ना कळला*

ते तिला नंतर आठवलं. नंतर म्हणजे रविवारी, जेव्हा बायकांनी तिचे हात हातात घेतले ते नेहमीपेक्षा जरा जास्त मऊ, जसे आजारी माणसाचे घेतात, आणि वर्गातली दोन वेण्यांची मुलगी म्हणाली, "टीचर, तुम्ही खोटं बोललात ना? आई म्हणाली तुमच्यासाठी प्रार्थना करायची. मी रोज करते. जेवणाआधी."

स्त्रियांच्या सभेत नणंदेने तिला प्रार्थनेचा विषय म्हणून मांडलं होतं. बाहेर ज्याला चहाडी म्हणतात त्याला आत हे नाव आहे. डोळे मिटून, गहिवरून करायची, शेवटी आमेन म्हणायचं.

"मी काही वाईट केलं का?" नणंद जिन्यात म्हणाली. "तुझ्यावर जीव आहे म्हणून केलं."

"माझं नाव घेतलंत, ताई."

"नाव न घेता प्रार्थना कशी करायची? देवाला कळायला नको, कुणासाठी ते?"

"देवाला माझा पत्ता लागला नसता का?"

"बघ, बघ. हा अहंकार. हाच मोडायचाय."

नवरा भाजी चिरत होता. मान वर न करता म्हणाला, "ताई आहे ती. मी काय बोलू?"

मंडळीचा एक नियम होता. मुलांना शिकवणारा जाणूनबुजून खोटं बोलला, तर त्याने सगळ्यांसमोर कबुली द्यायची आणि पश्चात्ताप झाल्याचं सांगायचं. तोवर मुलांचा वर्ग नाही, प्रभूच्या मेजावरची, सगळ्यांत वाटली जाणारी भाकर नाही. आजारी आहे सांगून एक मास्तर सहलीला गेले होते आणि उन्हाने रापलेलं नाक घेऊन परत आले, तेव्हापासूनचा हा नियम. केला वडिलांनीच, म्हणजे आजोबांच्या मुलाने.

म्हणून ती चष्म्यांच्या दुकानात गेली. तो काउंटरमागे बसून एका दांडीचा बारीक स्क्रू पिळत होता. डाव्या हाताने. ती त्या हाताकडे पाहत राहिली.

"तुम्ही पाळकसाहेबांना एक शब्द सांगितलात, तर एवढं वाढायचं नाही," ती म्हणाली. "कुठलं खोटं, ते तुम्हाला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे. विसरेन कसा?" त्याने दरवाजाकडे पाहिलं, दुकानात दुसरं कुणी नव्हतं. "पण भगिनी, नियम माझा. मीच सूट मागितली तर लोक म्हणतील, याचं काय दुखतंय? मग खोदत बसतील."

"म्हणजे मी उभं राहायचं."

"क्षणभराचं काम. खोटं बोलले, क्षमा असावी, बसलात. कोणाशी, का, हे कुणी विचारणार नाही. मी विचारू देणार नाही. शब्द देतो."

त्याने स्क्रू घट्ट केला, काचेवर फुंकर मारली, आणि चष्मा उजेडात धरला. काचा लखलखीत होत्या. ती "बरं" म्हणाली. शब्द पाळणारा माणूस म्हणूनच तर त्याचं नाव होतं.

रविवार प्रभुभोजनाचा होता. पुढच्या मेजावर पांढरं कापड, त्याखाली भाकरीची ताटं. गाणं संपलं, आणि पाळकसाहेबांनी तिच्याकडे पाहून मान हलवली. ती उठली. गायकांच्या रांगेत नवरा आपल्या वहीत बघत होता.

"मी खोटं बोलले," ती म्हणाली. "वॉर्डात. क्षमा असावी."

ती बसणार, तोच मागच्या बाकावरून सहलीवाल्या मास्तरांचा आवाज आला, "कोणासाठी? आम्हाला तर सगळं सांगायला लावलं होतं!"

थोडं हसू पसरलं. तिने वडिलांकडे पाहिलं. तो पाळकसाहेबांच्या शेजारी बसला होता. आता तो बोलेल. हात वर करील, पुरे म्हणेल. शब्द दिला होता.

त्याने चष्मा काढला आणि रुमालाने पुसायला लागला.

ती वाट पाहत राहिली. आजोबा कसे वाट पाहत होते ते तिला त्या वेळी पुरतं कळलं.

"एका वडिलांसाठी," ती म्हणाली.

बाया हळहळल्या. कुणाचे तरी वडील, बिचारे, असं एक जण कुजबुजली. त्या भरल्या खोलीत तो शब्द सगळ्यांना एकच ऐकू गेला. एका माणसाला मात्र दोन ऐकू गेले. त्याची मान कॉलरपासून कानांपर्यंत लाल झाली.

"झालं तर मग," पाळकसाहेब म्हणाले. ते मवाळ होते, त्यांना सगळंच लवकर झालेलं आवडे. "कबुली झाली. बसा, भगिनी."

"एक मिनिट," वडील म्हणाला.

चष्मा त्याने परत चढवला होता. आवाज स्वच्छ, तोललेला.

"नियमात दोन गोष्टी आहेत. कबुली आणि पश्चात्ताप. भगिनी, पुन्हा तशीच वेळ आली तर खोटं बोलणार नाही, असं वचन देता?"

तिला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. हेच ते हात, स्टुलावर बसून तिचे हात धरणारे? की तो शब्द ऐकून भ्याला, आणि आता सगळ्यांत कडक प्रश्न आपणच विचारला म्हणजे आपल्यावर कुणाचा संशय जायचा नाही, असं त्याला वाटलं? ती त्याच्या डोळ्यांत शोधत राहिली, पण काचांवर खिडकीचा उजेड पडला होता.

"हो म्हण," शेजारून नणंद पुटपुटली. "हो म्हण आणि मोकळी हो."

एक 'हो'. तेवढ्यात वर्ग परत मिळणार होता, शेंबडी नाकं, दोन वेण्या, पुढ्यातलं ताट. तिने तो 'हो' जिभेवर घेऊनही पाहिला. मागचं खोटं एका माणसासाठी होतं. हे फक्त स्वतःसाठी झालं असतं.

"नाही," ती म्हणाली. "वचन नाही देता येत. तसं कुणी पुन्हा विचारलं, आला का, तर मी पुन्हा आला म्हणेन. बोलल्याचं वाईट वाटतं मला. पण बोलले नसते, तर जास्त वाटलं असतं." मग म्हणाली, "खोटं बोलणार नाही असं खोटं वचन कसं देऊ?"

मास्तर मोठ्याने हसले आणि एकटेच हसताहेत हे कळून थांबले. वडिलांनी पाळकसाहेबांकडे पाहिलं. पाळकसाहेबांनी कापडाच्या कडेवरची घडी सारखी केली.

"मग नियमाप्रमाणे," वडील म्हणाला. पुढचं त्याने म्हटलं नाही, सगळ्यांना पाठ होतं.

पांढरं कापड निघालं. ताट रांगेतून हातोहात येऊ लागलं. तिच्या अलीकडे नणंद होती. नणंदेने भाकरीचा तुकडा घेतला, डोळे मिटले, उघडले, आणि ताट तिच्या मांडीवरून, साडीला लागू न देता, पलीकडच्या बाईकडे दिलं. भाकरीचा वास तेवढा तिच्या वाट्याला आला.

उपासना संपल्यावर वडील नेहमीप्रमाणे दारात उभा होता, येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातात हात देत. उजव्या काखेत गाण्याची पुस्तकं होती, म्हणून डावा हात पुढे करत होता. ती समोर आली तशी त्याने इकडेतिकडे पाहिलं, आणि आवाज अगदी खाली आणून म्हणाला,

"भगिनी, माझा इलाज नव्हता. पण... एवढं सांगा. खरंच हसले होते ना ते?"

ती त्या हाताकडे पाहत राहिली. या हाताचं नाव आजोबांनी घेतलं होतं. एक वाक्य, की तुमच्या बापाने माझं खोटं तिथल्या तिथे ओळखलं, तुम्ही आला नाहीत हे जाणून ते गेले. ते पूर्ण खरं होतं. नियमात बसणारं होतं. तिला नुसतं तोंड उघडायचं होतं, आणि हा माणूस पुन्हा कधी शांत झोपला नसता.

"हसले," ती म्हणाली. "तेवढं अगदी खरं आहे."

त्याने श्वास सोडला. हात अजून पुढेच होता. तिने तो घेतला नाही. शेजारून पायऱ्या उतरली.

नणंद धापा टाकत मागून आली. "वहिनी, वाईट वाटून घेऊ नको हं. आम्ही सगळ्या तुझ्यासाठी रोज प्रार्थना करणार आहोत."

"करा, ताई," ती म्हणाली. "पण आता विषय बदला."

मागच्या खोलीत मुलांचं गाणं सुरू झालं होतं. वर्ग आज कुणीतरी दुसरी घेत होती, आणि तिने सूर फार वर धरला होता. कोवळे आवाज तिथवर पोचेनात, एकेक करून गळू लागले. भिंतीला लागून जाताना तिने सवयीने तेच गाणं खालच्या पट्टीत धरलं, मुलांना झेपेल अशा. कोपऱ्यापर्यंत ती ते म्हणत गेली. आत कुणाला ऐकू गेलं नाही.